क्षयाचा ट्रक आणि पँथरचा दवाखाना

ब्लॅक पँथर म्हटले की आपल्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर काय येते? काळे जाकीट, तिरकी टोपी, खांद्याला बंदूक, वर उगारलेली मूठ. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा हेच चित्र तरुणांच्या मनात होते. १९७३ च्या जाहीरनाम्यातही अमेरिकेतील ब्लॅक पँथरचा उल्लेख आहे. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांची डरकाळी घेतली आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण त्या पँथरच्या दुसऱ्या हातात रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि क्षयाच्या चाचणीची सुई होती, हे आपल्या भाषणांत फारसे येत नाही. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

मुद्दा एवढाच आहे. रोग कोणाला झाला, किती जणांना झाला, का झाला, ही मोजणी म्हणजे सत्ता असते. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात दोष कुणाच्या माथी मारायचा हेही असते. अमेरिकेतील काळ्या आणि पोर्तो रिकन वस्त्यांनी ही मोजणी आपल्या हातात घेण्यासाठी जो लढा दिला, तो आंबेडकरी तरुणाने मुळातून समजून घेतला पाहिजे.

मोजणारा कोण?

१८९६ साली फ्रेडरिक हॉफमन नावाच्या गृहस्थाने एक जाडजूड पुस्तक लिहिले. हा प्रुडेन्शियल या बड्या विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ. काळ्या लोकांमध्ये क्षयाचे मृत्यू जास्त आहेत हे त्याने आकड्यांनी दाखवले आणि निष्कर्ष काढला की दोष त्यांच्या वंशातच आहे, हा समाज हळूहळू नष्ट होणार. कोंदट खोल्या, अपुरे अन्न, तुटपुंजी मजुरी, यांना त्याच्या लेखी किंमत नव्हती.

त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हा काळा तरुण अभ्यासक फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात राहायला गेला. त्याने दारोदार फिरून सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती गोळा केली. एक एक घर, एक एक खोली, पाणी, संडास, पगार, आजार. १८९९ मध्ये त्याचा ग्रंथ आला. क्षयाचे आकडे त्यानेही लपवले नाहीत. मात्र कारण शोधताना त्याने रक्ताकडे बोट न दाखवता घराकडे, कामाकडे आणि भेदभावाकडे बोट दाखवले. रोग तोच, वंश तोच. मोजणारा बदलला आणि निष्कर्ष उलटला.

या डु बॉइसशी बाबासाहेबांचा पत्रव्यवहार झाला होता. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून बाबासाहेबांनी १९४६ मध्ये त्यांना पत्र लिहिले आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीच्या अगदी लगत आहे. आणि भारतात परतल्यावर १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी कोणता मुद्दा मांडला? अस्पृश्यांचे हित अस्पृश्यच मांडू शकतात, दुसरा कोणी त्यांच्या वतीने बोलू शकत नाही. हा मुद्दा मतदारसंघापुरता नाही. सर्व्हेच्या वहीलाही तो तितकाच लागू आहे.

दुसऱ्याच्या हातात वही राहिली की काय होते, याचा पुरावा अलाबामा राज्यात आहे. १९३२ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने टस्कीगी परिसरातील ६०० गरीब काळ्या पुरुषांना अभ्यासासाठी धरले. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस होता. तुमचे रक्त खराब आहे, आम्ही मोफत उपचार करतो, असे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात उपचार न करता रोग कसा वाढतो ते बघत बसणे हाच तो अभ्यास. पेनिसिलीन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही तो त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. चाळीस वर्षे हे चालले. जुलै १९७२ मध्ये वर्तमानपत्रांनी ते उघडकीस आणले. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली, त्याच वर्षी जगाला हे कळले. संशोधन या शब्दाला शोषित माणूस का घाबरतो, याचे उत्तर यात आहे.

दारोदार फिरणारे पँथर

ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी केली. जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी मोफत नाश्ता सुरू केला. १९७० मध्ये पक्षाने आपल्या शाखांना दवाखाने उघडायला सांगितले. पुढे डझनभर शहरांत असे मोफत दवाखाने उभे राहिले. सहानुभूती असलेले डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी संध्याकाळी येत. वस्तीतली साधी पोरे-पोरी रक्तदाब घ्यायला, क्षयाची चाचणी करायला, नोंद ठेवायला शिकत. १९७१ मध्ये त्यांनी सिकलसेलची मोहीम उघडली. विदर्भातील आपल्या अनेक घरांना या आजाराची ओळख करून द्यायला नको. ज्या आजाराकडे काळ्यांचा म्हणून दुर्लक्ष होत होते, त्यासाठी १९७२ मध्ये अमेरिकन सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच वर्षी पक्षाने आपल्या दहा कलमी कार्यक्रमात सर्व काळ्या आणि शोषित जनतेसाठी पूर्णपणे मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली.

पँथरकडून धडा घेतलेली दुसरी संघटना म्हणजे पोर्तो रिकन तरुणांची यंग लॉर्ड्स. मुळात ही शिकागोतील रस्त्यावरची टोळी. ब्लॅक पँथरचा तरुण नेता फ्रेड हॅम्प्टन याने तिला राजकीय आघाडीत आणले. डिसेंबर १९६९ मध्ये पोलिसांनी हॅम्प्टनला त्याच्या घरात गोळ्या घातल्या, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. यंग लॉर्ड्सची न्यूयॉर्क शाखा जुलै १९६९ मध्ये सुरू झाली. त्यांनी आधी लोकांना विचारले, तुम्हाला काय हवे? लोक म्हणाले, कचरा उचला. क्रांतीची पुस्तके वाचून आलेल्या पोरांनी झाडू हातात घेतला. महापालिका कचरा नेत नाही म्हणताच तो रस्त्याच्या मधोमध रचून वाहतूक अडवली.

मग आला क्षय. ईस्ट हार्लेमच्या दाटीवाटीच्या इमारतींत टीबी पसरलेला होता. हे तरुण घरोघर जाऊन त्वचेची चाचणी करत. ज्याची चाचणी सदोष येई, त्याला छातीचा एक्स-रे हवा. एक्स-रेचा ट्रक शहरात होता, एका मोठ्या क्षयविरोधी संस्थेच्या ताब्यात. पण तो येई कामगार कामावर असताना. वेळ बदला, आमच्या वस्तीत जास्त थांबा, अशी विनंती करून झाली. उपयोग झाला नाही. शेवटी १७ जून १९७० रोजी यंग लॉर्ड्सनी तो ट्रकच ताब्यात घेतला, वस्तीत आणून उभा केला आणि त्याला रामोन एमेतेरिओ बेतान्सेस यांचे नाव दिले. बेतान्सेस हे एकोणिसाव्या शतकातील पोर्तो रिकोचे डॉक्टर. कॉलऱ्याच्या साथीत गरिबांमध्ये काम केलेले आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले. ट्रकपुढे रांगा लागल्या. लोक आरोग्याबाबत बेफिकीर आहेत म्हणून चाचणीला येत नाहीत, हे सरकारी मत त्या रांगेने खोडून काढले. लोक येत होतेच. ट्रक येत नव्हता.

लिंकन हॉस्पिटल : तक्रारीचे टेबल ते सहावा मजला

साउथ ब्राँक्समधील लिंकन हॉस्पिटल ही काळ्या आणि पोर्तो रिकन गरिबांसाठीची सरकारी इमारत. वापरायला अयोग्य म्हणून महापालिकेनेच शिक्का मारलेली, तरी चालू ठेवलेली. लोक तिला कसाईखाना म्हणत. आरोग्य कर्मचारी आणि यंग लॉर्ड्स यांनी तिथे तक्रारीचे टेबल मांडले. रुग्ण काय सांगतो ते ऐकायचे आणि लिहून घ्यायचे. किती तास थांबलात? काय विचारले? भाषा कळली का? साधी वही, पण त्या वहीतून मागण्या तयार झाल्या. १४ जुलै १९७० च्या पहाटे सुमारे दीडशे जणांनी हॉस्पिटलची एक इमारत ताब्यात घेतली आणि बारा तास धरली. रुग्णांच्या हक्कांची सनद ही त्यांची एक मागणी होती. अमेरिकेच्या रुग्णालय संघटनेने अशी सनद स्वीकारली ती १९७३ मध्ये.

त्या वस्त्यांना तेव्हा हेरॉइनने पोखरले होते. घराघरांत पोरे सुईवर जात होती. सरकार काय करत होते? पकडत होते, तुरुंगात टाकत होते. ब्लॅक पँथरचा मायकेल टेबर हा स्वतः हेरॉइनच्या विळख्यातून बाहेर आलेला. त्याने एक पुस्तिका लिहून सांगितले की नशा हा वैयक्तिक दुबळेपणा नाही, ती आमची तरुण पिढी निकामी करणारी यंत्रणा आहे. आपल्या वस्त्यांतही हेच ऐकू येत नाही का? सफाई कामगार दारू पितो म्हणून मरतो, असे साहेब लोक सहज बोलून जातात. नाल्यात, गटारात, मेलेल्या जनावरांच्या वासात उतरायला त्याला दारू का लागते, हा प्रश्न त्यांच्या वहीत नसतो.

१० नोव्हेंबर १९७० रोजी यंग लॉर्ड्स, आरोग्य कर्मचारी आणि व्यसनाने ग्रासलेले लोक स्वतः लिंकनच्या त्याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर घुसले आणि तिथे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. लिंकन डिटॉक्स या नावाने ते प्रसिद्ध आहे. तिथे काम करणाऱ्यांत पूर्वी नशेत असलेले लोक होते. शरीरातून विष उतरवताना डोक्यातून गुलामी उतरवायची, म्हणून इतिहासाचे आणि राजकारणाचे वर्ग चालत. पुढे तिथे कानाच्या ॲक्युपंक्चरचा वापर सुरू झाला. गायक टुपाक शकूर याचे सावत्र वडील मुतुलू शकूर हे त्या कामातले एक प्रमुख. आठ वर्षे हे केंद्र लोकांच्या हातात राहिले. नोव्हेंबर १९७८ मध्ये महापौर एड कॉच यांच्या प्रशासनाने पोलीस पाठवून ती व्यवस्था मोडून काढली. ॲक्युपंक्चर ठेवले, राजकारणाचे वर्ग गेले. प्रस्थापितांची ही जुनी रीत आहे. गौतम बुद्धाला अवतार करून देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

खर्च कापला, जंतू परत आले

१९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. कुऱ्हाड कशावर पडली? आरोग्य केंद्रांवर, छातीच्या दवाखान्यांवर, वस्तीत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर. १९७८ मध्ये शहरात क्षयाचे १,३०७ रुग्ण नोंदले गेले होते. १९९२ मध्ये ती संख्या ३,८११ झाली, जवळजवळ तिप्पट. त्यांतल्या अनेकांवर नेहमीची औषधे चालेनाशी झाली होती.

हार्लेम हॉस्पिटलमध्ये १९८८ साली दाखल झालेल्या क्षयरुग्णांचा एक अभ्यास कॅरेन ब्रुडनी आणि जे डॉबकिन या डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. उपचार सुरू करून घरी सोडलेल्या १७८ रुग्णांपैकी ८९ टक्के रुग्णांचा पुढे पत्ताच राहिला नाही. बहुतेकांना स्थिर घर नव्हते, निम्म्याच्या आसपास दारूच्या आहारी गेलेले. कागदावर औषध दिले, पण ज्याला झोपायला जागा नाही तो महिनोन्महिने गोळ्या कशा घेणार? जवळपास त्याच सुमारास दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले की हार्लेममधील काळ्या पुरुषाची ६५ वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता बांगलादेशातील पुरुषापेक्षाही कमी आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराची ही कथा!

मग शहराला काय करावे लागले? आरोग्य कर्मचारी पुन्हा वस्तीत पाठवावे लागले. घरी, बागेत, पुलाखाली जाऊन ते रुग्णाला डोळ्यांसमोर गोळी देत, सोबत जेवणाची आणि प्रवासाची कुपने देत. आकडा उतरू लागला. पण जे औषध पूर्ण करत नव्हते अशा काही रुग्णांना याच काळात सक्तीने कोंडूनही ठेवले गेले. वस्तीला भागीदार करायचे की आरोपी, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. १९७० मध्ये ज्या पोरांनी ट्रक पळवला, त्यांना गुंड ठरवले होते. वीस वर्षांनी सरकार त्यांच्याच वाटेने दारोदार फिरत होते.

सुईचा प्रश्न

याच काळात एचआयव्ही आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कमध्ये सुईने नशा करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना लागण झालेली होती. एकच सुई अनेकांत फिरत होती, कारण स्वच्छ सुई बाळगणेच गुन्हा होता. गर्दुल्ल्याला जिवाची पर्वा नसते, असे सगळे धरून चालले होते. संशोधकांनी त्यांनाच जाऊन विचारले, तेव्हा १९८४ मध्येच निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले की या रोगाच्या भीतीने आम्ही आमच्या सवयी बदलल्या आहेत. पर्वा होती, सुई नव्हती.

नोव्हेंबर १९८८ मध्ये आरोग्य खात्याने जुनी सुई द्या, नवी घ्या असा प्रयोग केला. कोणत्याही वस्तीने तो स्वीकारला नाही म्हणून केंद्र उघडले कुठे, तर न्यायालये आणि पोलिसांच्या शेजारी, खात्याच्याच कार्यालयात! नशा करणारा तिथे पाऊल ठेवेल का? फार थोडे आले. शहराचे पहिले काळे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी १९९० मध्ये ते बंद केले. अनेक काळे पुढारी आणि धर्मगुरू या योजनेच्या विरोधात होते. आमच्या पोरांना उपचार देत नाही आणि सुया वाटता, हा आमचा वंशसंहार आहे, असे ते म्हणत. टस्कीगीनंतर हा संशय वेडेपणाचा म्हणता येणार नाही.

कोंडी फोडली ती रस्त्यावरच्या कार्यकर्त्यांनी आणि संशोधनाने मिळून. मार्च १९९० मध्ये ॲक्ट अप या संघटनेच्या लोकांनी उघडपणे सुया वाटून अटक करून घेतली. १९९१ मध्ये न्यायालयाने, जीव वाचवण्यासाठी हे आवश्यक होते, असे मानून त्यांना निर्दोष सोडले. त्याच वेळी जवळच्या न्यू हेवन शहरात एडवर्ड कॅप्लान यांनी एक साधी पण हुशार गोष्ट केली. वाटलेल्या प्रत्येक सिरिंजवर खूण केली आणि परत आलेल्या सिरिंज प्रयोगशाळेत तपासल्या. माणसाला प्रश्न विचारून लाजवायचे नाही, सुईलाच विचारायचे. नवी लागण सुमारे एक तृतीयांशाने घटली असावी, असा अंदाज निघाला. डिंकिन्स यांनी पुरावा पाहून भूमिका बदलली. १९९२ पासून न्यूयॉर्कमध्ये अशा केंद्रांना परवानगी मिळाली. ती चालवली वस्तीतल्या संघटनांनी, त्यांत नशेतून गेलेलेही होते. सुईने नशा करणाऱ्यांमधील नव्या लागणीचे वार्षिक प्रमाण नव्वदच्या सुरुवातीला शंभरात साडेतीनच्या आसपास होते. दशकभरात ते एकाच्या खाली आले.

लोकांचे म्हणून सगळेच खरे नसते

आता एक अवघड गोष्ट. चळवळीने केले म्हणून ते आपोआप बरोबर ठरत नाही. यंग लॉर्ड्स आणि पँथर यांनी दीर्घकाळ मेथाडोन देण्याच्या उपचाराला नवी बेडी म्हटले. पुढील दशकांतील अभ्यासांनी दाखवले की हाच उपचार मृत्यू आणि एचआयव्हीची लागण कमी करतो. लिंकनच्या ॲक्युपंक्चरचा जगभर प्रसार झाला, पण २००२ मध्ये कोकेनच्या ६२० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत ते खोट्या ॲक्युपंक्चरपेक्षा सरस ठरले नाही.

यातून काय घ्यायचे? वस्तीचा ताबा हवा तो प्रश्न ठरवण्यावर, माणसांना मिळणाऱ्या वागणुकीवर, माहितीवर. उत्तर मात्र पुराव्यानेच ठरले पाहिजे, मग ते आपल्याला आवडो वा न आवडो. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, तपासून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. त्यातून आपले नेते आणि आपल्या संघटनाही सुटत नाहीत.

आपल्या वस्तीत सर्व्हेवाले येतात तेव्हा

आज मुंबई, नागपूर, मराठवाडा सगळीकडे आपल्या वस्त्यांत टीबीचे, दारूचे, तंबाखूचे, एचआयव्हीचे सर्व्हे होतात. विद्यार्थी येतात, संस्था येतात, फॉर्म भरतात आणि जातात. अहवाल इंग्रजीत छापला जातो. ज्याच्या घरात बसून तो भरला, त्याला तो कधी दिसत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी आणि समुदायाला प्रक्रियेत सामील करून घ्यावे. म्हणजे हे मागणे उपकार नाही, आपल्याला विचारण्याचा अधिकार आहे.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने चार प्रश्न पाठ करून ठेवावेत. हा प्रश्न कोणी ठरवला? माहिती गोळा करणाऱ्यांत आमच्या वस्तीतले कोण आहे? रोग सापडला तर उपचार कोण देणार? अहवाल मराठीत, याच समाजमंदिरात, कोणत्या तारखेला वाचून दाखवणार? उत्तरे नीट मिळाली तर दार पूर्ण उघडा, स्वतः फॉर्म भरा, शेजाऱ्यालाही भरायला लावा. कारण मोजणी टाळून आपले भले होणार नाही. उत्तरे नाही मिळाली, तर वही आपली काढा.

आपल्याकडे आज आंबेडकरी डॉक्टर आहेत, नर्स आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत, समाजकार्य आणि संख्याशास्त्र शिकलेली पोरे आहेत. चौदा एप्रिलला डीजेवर जो खर्च होतो, त्याच्या काही भागात एका वस्तीची क्षयतपासणी होऊ शकते. किती घरांत खोकला आहे, किती जणांची औषधे मध्येच सुटली, जवळच्या केंद्रात गोळ्या किती दिवस नव्हत्या, संडास किती माणसांमागे एक आहे, एवढे लिहून घ्यायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. लोकांची नावे गुप्त ठेवा, आकडे मोठ्याने वाचा आणि तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात जा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले पहिले पाऊल शिकणे आहे. आपल्या वस्तीला काय होते आहे, हे शिकण्यापासून सुरुवात करूया.

जयभीम!